अर्धविराम

फेरीच्या कचेरीत नोव्हेंबरची दुपार
तीन वाजताच दिवे मागते.
टेबलावर वाइनोच्या अकरा वह्या, तेलकट पुठ्ठ्यांच्या.
सरोवर कधी गोठलं, कधी उघडलं,
एकेचाळीस वर्षं.
नगरपालिकेला हे आता "व्यवस्थित" हवं आहे.

आतू फोनवर. बहिणीचा नातू, लप्पेनरांताला शिकतो.
म्हणाला, डेटाबेस उतरवून घे, पैसे लागत नाहीत.
मी विचारलं, मग गोम कुठे आहे?
मावशीआजी, तू परक्याच्या रानात ब्लूबेरी वेचतेस
तेव्हा कुणाला पैसे देतेस?
फांदी मोडू नकोस, एवढंच.

बाहेर उणे सहा, आणि पडद्यावर निळा हत्ती.
अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर पट्टी थबकली ती थबकलीच.
हत्ती आत आला होता,
शेपटासाठी मी दोनदा कॉफी गरम केली.

पासवर्ड टाइप केला तर काहीच उमटेना,
टिंबंसुद्धा नाहीत. वाटलं, कीबोर्ड गेला.
ते ऐकतंय, म्हणाला आतू, फक्त दाखवत नाही.
वाइनोही तसाच होता.

मग पहिला हुकूम, आणि त्याला उत्तर:
इरमेली नावाची भूमिका अस्तित्वात नाही.
तेहतीस वर्षं या खुर्चीत बसून तिकिटं फाडतेय मी!
आतू हसत सुटला. मग म्हणाला,
आधी स्वतःला निर्माण कर.
एका ओळीत झाले निर्माण.
आत यायचा अधिकार मात्र वेगळा द्यावा लागतो,
तोही मीच मला दिला.

तक्ता लिहिला: वर्ष, गोठण, उघडण, शेरा.
एन्टर.
पुन्हा एन्टर.
ओळीच्या तोंडाशी फक्त खूण बदललेली,
बरोबरीच्या चिन्हाच्या जागी एक आखूड रेघ,
जणू विचारतेय, बाई, पुढे?
अर्धविराम राहिला, म्हणाला आतू.
आमच्या शाळेत वाक्य पूर्णविरामानं संपायचं.

वह्या मी आधीच रकान्यांत उतरवल्या होत्या,
तीन रविवार, शेजारच्या सेल्माला सोबत घेऊन;
ती वाचायची, मी टाइप करायची.
आतूनं माउसवर चालणारं एक अवजार दिलं,
म्हणाला, सगळं एका घासात जाईल.
नाही गेलं.
एकविसाव्या ओळीवर अडलं: दिनांक मर्यादेबाहेर.

वही उघडली. वाइनोच्या अक्षरात, ठसठशीत:
३१ नोव्हेंबर, गोठलं.

तीस म्हणायचं होतं त्याला? की एक डिसेंबर?
की त्या वर्षी महिना संपू नये असं वाटलं होतं?
विचारायला वाइनो नाही.
शून्य टाकू का, मी म्हणाले.
शून्य म्हणजे माहीत आहे की काही नाही.
मग कोरं ठेवू?
कोरं म्हणजेसुद्धा काहीतरी लिहिलंय, पण रिकामं.
नल टाक. नल म्हणजे आपल्याला ठाऊक नाही.
आणि लक्षात ठेव, नल कशाशीच बरोबर नसतं,
स्वतःशीसुद्धा नाही.

टाकलं. शेऱ्यात मात्र एकतीस नोव्हेंबर
जसंच्या तसं.

बाकीचे शेरेही घेतले, नगरपालिकेनं मागितले नसले तरी.
"पाइक मासा, साडेचार किलो."
"पाद्री पडला. वाचला."
"कुत्रा आधी गेला, मग मी."

रात्री सगळ्याची प्रत काढून पेनड्राइव्हवर घेतली
आणि तो वह्यांच्याच बिस्किटाच्या डब्यात ठेवला.
आतूनं फोन ठेवल्यावर
मी एकटीनं एक प्रश्न टाइप केला:
गोठण जिथे नल आहे, अशा ओळी दाखव.
अर्धविराम विसरले. रेघ आली. दिला.

दोन ओळी.
एक वाइनोची.
दुसरी यंदाची, मीच सकाळी घातलेली.

कोट चढवला, टॉर्च घेतला, बर्फ भोकसायची सळई घेतली.
धक्क्याजवळ कडेला पातळ साय धरली होती,
मधे अजून काळं पाणी हलत होतं.
सेल्माचा कुत्रा काठावर उभा होता.
जात नव्हता.